ड्रॅगन राहिला, पैसेही गेले

(पत्र थोडं आखडून देते आहे.)

ताई,

मी मूळचा मिरजेचा, आता हिंजवडीत नोकरीला, वय 34. आठवी ते दहावी, म्हणजे 2005 ते 2007, मी आणि माझा एक मित्र गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायबर कॅफेत रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळायचो. तासाला 15 रुपये. मी तिसऱ्या पीसीवर, तो चौथ्यावर. शेवटी शेवटी आम्ही ड्रॅगन मारायच्या क्वेस्टला, म्हणजे मोहिमेला, लागलो होतो. बेटाच्या नकाशाचे दोन तुकडे मिळाले होते, तिसरा तुरुंगातल्या एका गॉब्लिनकडे होता आणि तो त्याची खेळातली 10,000 नाणी मागायचा. तेवढे साठेपर्यंत बोर्डाची परीक्षा आली, वडिलांनी कॅफेचा रस्ता बंद केला. ड्रॅगन राहिला तो राहिलाच.

दोन महिन्यांपूर्वी कळलं की तोच जुना खेळ आता फोनवर चालतो. मुलगी झोपल्यावर डाउनलोड केला. जुनं अकाउंट काही उघडेना, त्याचा ईमेल केव्हाच गेलाय. खरं सांगतो, घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. मग नवीन काढलं. दोन दिवस हवेत होतो. तेच संगीत, त्याच कोंबड्या. तिसऱ्या दिवशी ग्रँड एक्स्चेंजवर, म्हणजे खेळातल्या बाजारात, एकजण ओरडत होता, खेळातले पैसे दुप्पट करून देतो. हजार दिले, दोन हजार परत आले. मग होते नव्हते ते 46 हजार दिले. तो गायब. ताई, मी बँकांची सॉफ्टवेअर लिहितो! बायको अजून हसतेय.

नंतर एका क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, शिरलो. त्यांनी आधी काय करायचं, मग काय करायचं याची भलीमोठी यादी दिली. ती पाळतोय, लेव्हल भराभर चढतायत, पण ऑफिसातली टिकेटं बंद करत बसल्यासारखं वाटतं. ते म्हणतात पैसे भरून मेंबरशिप घे, खरा खेळ तिथून सुरू होतो. घेऊ का? की सोडूनच देऊ? मित्राशी आता फक्त वाढदिवसाच्या दिवशी मेसेज, तेवढंच.

— तिसरा पीसी

---

नमस्कार, तिसरा पीसी.

बायकोला सांगा, पत्र वाचून मीही हसले. मला तो हक्क आहे. 2006 मध्ये पुण्यात होस्टेलला असताना मला याच खेळात एका गोडबोल्याने ‘चल, कुणाचं तरी सामान बेवारस पडलंय, दाखवतो’ म्हणत व्हॅरॉक शहराच्या उत्तरेला वाइल्डरनेसमध्ये, जिथं खेळाडू एकमेकांना मारून लुटू शकतात तिथं, नेलं होतं. तिथं त्याचे दोन मित्र उभेच होते. रूनची ढाल गेली. ती ढाल म्हणजे तीन महिने कारामजाच्या धक्क्यावर लॉबस्टर पकडून केलेली कमाई. मी रात्री मेसमध्ये जेवले नाही, आणि का जेवत नाही हे कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

आता आधी त्या जुन्या अकाउंटचं सुतक उतरवू, कारण ते विनाकारण धरलंत. तुम्ही सोडून गेल्यावर काय काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने खेळातली लढाईची पद्धत मुळापासून बदलली. जुने खेळाडू भडकले, पुष्कळ जण सोडून गेले. मग कंपनीने सांगितलं, आमच्याकडे ऑगस्ट 2007 चा एक बॅकअप आहे, हवा असेल तर मत द्या. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि 22 फेब्रुवारी 2013 ला ते जुनं जग वेगळा खेळ म्हणून उघडलं. तुम्ही फोनवर खेळताय ते हेच, ओल्ड स्कूल. पण ते उघडलं तेव्हा कुणाचीच जुनी कमाई सोबत आली नाही. ज्यांच्या बँका भरलेल्या होत्या तेही कांस्याची तलवार आणि लाकडी ढाल घेऊन पहिल्यापासून सुरू झाले. तुमचा याहूचा ईमेल जिवंत असता, पासवर्ड तोंडपाठ असता, तरी इथं तुम्ही आज आहात तिथूनच सुरुवात केली असती. जुनी लेव्हल आणि जुनं सामान त्या दुसऱ्या, बदललेल्या खेळात राहिलं, आणि त्या खेळात जायची तुमची इच्छा पत्रात कुठं दिसली नाही.

तेव्हा गेलं काहीच नाही. ड्रॅगन सोडून, आणि तो तर तुमच्या हातात कधी आलाच नव्हता.

मात्र त्या बॅकअपमध्ये काय काय मावलं याचा जरा विचार करा. नकाशा आला, कोंबड्या आल्या, लंब्रिजच्या किल्ल्यावरचं संगीत आलं. कॅफे आला नाही. तुम्हाला आठवत असेल, आपण हाच खेळ का खेळायचो? आवड वगैरे नंतरची गोष्ट. कॅफेवाल्याने काही इन्स्टॉल करायला बंदी घातलेली असायची आणि रूनस्केपला काही इन्स्टॉल करावं लागत नसे. ब्राउझरमध्ये जावा असलं की काम झालं. त्याच सुमारास, 2004 च्या शेवटी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आलं होतं. त्याची सीडी, वर दर महिन्याची फी, ती भरायला क्रेडिट कार्ड. मिरजेतल्या नववीच्या मुलाकडे कुठलं क्रेडिट कार्ड? म्हणून रूनस्केप, आणि त्यातही फुकटचं रूनस्केप. मेंबर लोकांचं जग कुंपणापलीकडून बघायचं.

आणि भारनियमन! सांगली-मिरजेची परिस्थिती तर पुण्याहून वाईट असणार. कॅफेचा यूपीएस टूं टूं करायला लागला की मालक ओरडायचा, सेव्ह करा रे, आणि या खेळात सेव्ह असं काही नव्हतंच. पडदा काळा झाला तरी आपलं पात्र तिकडे थोडा वेळ तसंच उभं राहायचं आणि गॉब्लिन त्याला झोडपत राहायचे. दोन तासांनी लाइट आल्यावर बघायचं, जिवंत आहे की मरून लंब्रिजला परत.

या सगळ्यात आपल्याला खेळाबद्दल माहिती किती होती? जवळपास शून्य. जे कळायचं ते शेजारच्या खुर्चीवरून कळायचं, आणि त्यातलं निम्मं खोटं असायचं. आमच्या होस्टेलमध्ये पक्की समजूत होती की व्हॅरॉकच्या गटारात मध्यरात्रीनंतर उतरलं तर चांगलं सामान पडतं. एक मैत्रीण गाईंच्या कुरणात पाय ठेवायची नाही. सगळे कातडी विकून पैसे करायचे, ही बापडी कोंबड्यांची पिसं गोळा करत राहायची. लॉबस्टरचा भाव काय? व्हॅरॉकच्या पश्चिमेच्या बँकेसमोर उभं राहून रंगीत, लाटांसारख्या हलणाऱ्या अक्षरांत ओरडायचं आणि समोरचा काय म्हणतो तो भाव.

तुमच्याच पत्रात याचा पुरावा आहे. गॉब्लिनला द्यायचे 10,000 साठवता साठवता तुमची दहावी आली, बरोबर? बार्बेरियन व्हिलेजमध्ये, गावाच्या मधोमध, जमिनीत उतरायचं एक भोक आहे. स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी. ते 2006 मध्येच आलं होतं. आत दारोदारी प्रश्न विचारतात, पासवर्ड मित्राला सांगावा का, अनोळखी माणूस स्वतःला मॉडरेटर म्हणवून अकाउंटची माहिती मागायला लागला तर काय कराल. उत्तरं देत खाली जायचं. पहिल्या मजल्यावर 2,000 मिळतात, दुसऱ्यावर 3,000, तिसऱ्यावर 5,000, आणि तळाला बुटांचा जोड. बेरीज करा.

तुम्ही कदाचित रोज त्या भोकाजवळून गेलात. चौथ्या पीसीवाल्यालाही माहीत नव्हतं, नाहीतर तो बोलला असता. आज असं होणंच शक्य नाही. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी सांगेल. तुमच्या क्लॅनच्या यादीत ते पहिल्या पाचात असेल, पैजेवर सांगते.

म्हणजे जग 2007 चं आहे आणि त्यात राहणारी माणसं आजची आहेत. ही माणसं बारा-बारा वर्षं इथंच आहेत. त्यांना प्रत्येक झाडाचं, प्रत्येक माशाचं गणित पाठ आहे. कुठल्याही कौशल्यात 99 ला पोहोचायला 1,30,34,431 गुण लागतात आणि त्याचं अर्धं अंतर 92 व्या लेव्हलला होतं, हे ते झोपेत सांगतील. (99 आणि 92 मध्ये फक्त सात आकड्यांचं अंतर दिसतं, आणि ते अर्धं आयुष्य असतं. हे मला कळलं तेव्हा मी तीन दिवस मासेमारीला गेले नाही.) एवढं मोठं अंतर समोर असलं की माणूस तासाला किती गुण पडतात ते मोजायला लागतो, त्यात नवल नाही. ती यादी अशा माणसांनी अशा माणसांसाठी केलेली आहे. यादीत काही खोट नाही. पण ती जिथं घेऊन जाते तिथं तुम्हाला जायचंय असं तुमच्या पत्रात एका ओळीनेही म्हटलेलं नाही. तुमच्या पत्रात ड्रॅगन दोनदा आला आहे आणि 99 एकदाही नाही.

क्लॅन सोडायची गरज नाही. चांगली माणसं असतील तर बसा गप्पा मारत. यादी मात्र बंद करा.

आता त्या 46 हजारांविषयी. परत मिळणार नाहीत. त्या माणसाची तक्रार करायचं बटण आहे, ते दाबा, आणि पुढे व्हा. पण तुम्ही फसलात का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण बुद्धीचा यात संबंध नाही. तुम्ही गेलात तेव्हा ग्रँड एक्स्चेंज नव्हतंच. मूळ खेळात ते नोव्हेंबर 2007 मध्ये आलं, म्हणजे तुमच्यानंतर आणि त्या बॅकअपच्याही नंतर. ओल्ड स्कूलमध्ये ते 2015 मध्ये, खेळाडूंच्या मतदानानंतर घातलं. तुम्ही एका ओळखीच्या गावात शिरलात आणि अनोळखी बाजारात उभे राहिलात, आणि गाव ओळखीचं म्हणून बाजारही ओळखीचा समजलात. गावी बऱ्याच वर्षांनी गेल्यावर एसटी स्टँडवरचा रिक्षावाला जो भाव लावतो, तोच हा प्रकार. अगदी नवखा माणूस घाबरून हात आखडता घेतो. आपण ‘अरे, मी इथलाच’ म्हणत पाकीट काढतो.

दुप्पट करून देणाऱ्याचा धंदा कसा चालतो तेही सांगून ठेवते. लहान रक्कम तो खरोखर दुप्पट देतो. तो खर्च असतो, दुकानदाराने वजनकाट्यावर टाकलेल्या चार जास्तीच्या शेंगदाण्यांसारखा. आजूबाजूला ‘थँक्स’, ‘खरंच देतो हा’ म्हणणारे दोघं-तिघं असतात, ते त्याचेच. मोठी रक्कम आली की तो दुसऱ्या वर्ल्डवर, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या सर्व्हरवर. आपल्या वेळी हेच लोक ‘तुझ्या चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो’ म्हणायचे, किंवा ‘तुझा पासवर्ड टाइप कर, बघ कसे आपोआप तारे दिसतात’. आमच्या मजल्यावरच्या एकीने टाइप केला होता. तारे दिसले नाहीत.

यापुढे तीन कामं करा, आजच. खेळातल्या बँकेला चार आकडी पिन लावा. अकाउंटला फोनवरचं दुहेरी कुलूप लावा. आणि ते जमिनीतलं भोक उतरा, प्रश्न जरा बाळबोध वाटतील तरी. आणखी एक, पैसे लवकर भरून काढावेत म्हणून खऱ्या रुपयांत खेळातलं सोनं विकणाऱ्या कुठल्याही साइटकडे फिरकू नका. ते नियमात बसत नाही, अकाउंट बंद होतं, आणि तेव्हा तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

मेंबरशिपचं उत्तर छोटं आहे. घेऊ नका. निदान एल्व्हार्ग, म्हणजे तुमची राहिलेली ड्रॅगन, मरेपर्यंत नाही. ती ड्रॅगन, ती क्वेस्ट, ते बेट, सगळं फुकटच्या भागात येतं, तेव्हाही होतं आणि आजही आहे. तुमच्याकडे आता क्रेडिट कार्ड आहे म्हणून कुंपण ओलांडलंच पाहिजे असं नाही. पुढे कधी वाटलं तर खेळातल्याच पैशांनी बाँड घेता येतो, एका बाँडवर मेंबरशिपचे 14 दिवस मिळतात. पण ते पुढचं.

मग करायचं काय? माझ्या मते तुम्ही ड्रॅगनपर्यंत पायी जावं. ती क्वेस्ट सुरू करायला 32 क्वेस्ट पॉइंट लागतात, आणि फुकट खेळणाऱ्याला ते जमवायचे तर बऱ्याच छोट्या छोट्या भानगडी निस्तराव्या लागतात. या भानगडीच मला या खेळातल्या सगळ्यात आवडत्या. लंब्रिजच्या किल्ल्यातला स्वयंपाकी ड्यूकच्या वाढदिवसाच्या केकसाठी अंडं, दूध आणि पीठ मागतो. जगातला दुसरा कुठलाही खेळ अशा प्रसंगी तलवार देऊन पाठवेल. इथं तुम्ही बादली घेऊन गाय शोधता, शेतातला गहू घेऊन पवनचक्कीच्या माडीवर चढता, दांडा ओढता, आणि मग खाली येऊन भांड्यात पीठ भरता. कारण पीठ खालीच पडणार. हे कुणी समजावून सांगत नाही. मला पहिल्या वेळी कळलं नव्हतं, मी माडीवरच उभी राहून गहू टाकत बसले होते, आणि एका पोलिश मुलाने अतिशय वाईट इंग्रजीत सांगितलं, खाली, खाली, पीठ खाली.

फ्रेड शेतकऱ्याला लोकरीचे 20 गुंडे हवे असतात. चर्चच्या बाबाला भुताचा बंदोबस्त हवा असतो. चाच्याच्या खजिन्यासाठी कारामजाहून रम चोरून आणायची, तीही केळ्यांच्या खोक्यात लपवून. कारामजाचं बोटभाडं 30 नाणी. खिशात परतीचे नसतील तर तिथं लुथास नावाचा बागवाला आहे, त्याच्या खोक्यात 10 केळी भरून दिली की तो 30 नाणीच देतो. बरोब्बर भाडं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने कधीतरी परगावी पैसे संपल्याचा अनुभव घेतला असणार.

हे करताना गाइड उघडायचं की नाही? मी स्वतःपुरता एक नियम केलाय, वीस मिनिटं अडल्याशिवाय उघडायचं नाही. कधी मोडते. तुम्ही कॉम्प्युटरवर खेळायला लागलात तर तिथं पुढचं पाऊल बाण दाखवून सांगणारी सोय जोडता येते, ती ड्रॅगन होईस्तोवर जोडू नका. फोनवर तो मोह नाही, हे बरं आहे.

आणि एक क्वेस्ट अशी आहे जी एकट्याने होतच नाही. शील्ड ऑफ अरॅव्ह. व्हॅरॉकमध्ये दोन टोळ्या आहेत, फिनिक्स आणि ब्लॅक आर्म. ढालीचे दोन तुकडे झालेत, एक एकीकडे, दुसरा दुसरीकडे, आणि एका माणसाला एकाच टोळीत जाता येतं. म्हणून दुसऱ्या टोळीतला खराखुरा माणूस शोधावा लागतो, त्याच्याशी देवाणघेवाण करावी लागते. इतकी वर्षं झाली तरी हे बदललेलं नाही. तुम्ही ड्रॅगनच्या नकाशापर्यंत पोहोचला होतात, म्हणजे ही तुम्ही दोघांनी बहुतेक केलेलीच असणार, तिसऱ्या आणि चौथ्या पीसीवर, एकमेकांच्या पडद्यात डोकावत.

मित्राला ‘जुने दिवस आठवतात का रे’ असा मेसेज पाठवू नका. त्याला लोक अंगठा दाखवतात आणि विषय संपतो. त्याला सरळ विचारा, तू फिनिक्समध्ये होतास की ब्लॅक आर्ममध्ये? एवढंच लिहा, वर काही नाही, खाली काही नाही. आठवत असेल तर तो दोन मिनिटांत उत्तर देईल आणि मग तुम्हाला ढालीचा दुसरा तुकडा कुणाकडून मिळवायचा हा प्रश्न राहणार नाही. त्याने ‘म्हणजे काय?’ विचारलं, तर फुकटच्या वर्ल्डवर व्हॅरॉकमध्ये जाऊन उभे राहा आणि ओरडा. अशी माणसं अजून सापडतात. मात्र त्याने आधी काहीतरी द्या म्हटलं तर दुसरा माणूस शोधा. तुमचं नाक आता चांगलं तयार झालं असेल.

बायकोचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, आणि ती हसतेय तोवर तो नाहीच. एक मात्र विचारते, मुलगी झोपल्यावर सुरू करता आणि स्वतः किती वाजता झोपता? पत्र मला पहाटे दोन दहाला आलं होतं. विलो तोडता तोडता फोन छातीवर पडून डोळा लागला तर पात्राला काही होत नाही, ते आपोआप बाहेर पडतं. तुम्हाला मात्र सकाळी हिंजवडीचा पूल ओलांडायचा असतो.

आता शेवटचा टप्पा. स्ट्राँगहोल्डचे 10,000 हातात आले की ते कशात गुंतवू नका, ग्रँड एक्स्चेंजच्या बाजूने तर जाऊच नका. 32 पॉइंट होईपर्यंत खेळातल्या बँकेत दडवून ठेवा. मग पोर्ट सॅरिमच्या तुरुंगात जाऊन त्या गॉब्लिनच्या, वर्मब्रेनच्या हातावर टेकवा. त्याचा भाव अजून तोच आहे. अठरा वर्षांत या देशात एवढी एकच वस्तू महाग झाली नसेल. बोटीला 2,000 वेगळे लागतील, शिवाय तीन फळ्या आणि खिळे, बोटीच्या तळाला भोक आहे. ड्रेनरचा म्हातारा नेड सुकाणू धरतो.

आणि निघण्याआधी लंब्रिजच्या किल्ल्यात जा, स्वयंपाकघराच्या वरच्या मजल्यावर. ज्याच्या वाढदिवसासाठी तुम्ही अंडं शोधलंत तो ड्यूक तिथं असतो. त्याच्याकडून ड्रॅगनच्या आगीची ढाल मागून घ्या, फुकट देतो. मी पहिल्या खेपेला ती न घेताच गेले होते. बोट घेतली, तळ दुरुस्त केला, बेटावर उतरले, गुहेत शिरले, आणि एल्व्हार्गने एकदा तोंड उघडलं. होस्टेलच्या कॅफेत माझे 40 रुपये झाले होते त्या दिवशी.

ती मेली की कळवा. आणि मित्राने काय उत्तर दिलं तेही.